इलियट माती: शिकागोच्या उपनगरांतली ओली काळी जमीन



दर वर्षी मार्च-एप्रिल उजाडला की गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत एक विषय हमखास निघतो: यंदा कुणाच्या बेसमेंटमध्ये पाणी आलं? मग बिल्डर, गटार आणि संप पंप यांच्यावर सगळे यथेच्छ तोंडसुख घेतात. आमच्याही घरी पहिल्याच वसंतात बेसमेंटचं कार्पेट उचलून फेकावं लागलं होतं, त्यामुळे मीही या गप्पांत हिरिरीने भाग घ्यायचो. पुढे एकदा सहज म्हणून मातीचा सरकारी नकाशा उघडून पाहिला. तेव्हा कळलं की दोषातला मोठा वाटा घराखालच्या जमिनीचा आहे, आणि ही माहिती घर घेण्याआधीच फुकटात मिळाली असती. ज्यांना अजून घर घ्यायचं आहे किंवा परसात भाजी लावायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

अमेरिकेत मातीच्या प्रत्येक जातीला नाव असतं, आपल्याकडे आंब्याच्या जातींना असतं तसं. या जातीला इथे सीरिज म्हणतात. ईशान्य इलिनॉयमध्ये, म्हणजे शिकागोच्या पश्चिम आणि दक्षिण उपनगरांत आणि पुढे कँककीच्या बाजूला, जी माती बऱ्याच ठिकाणी सापडते तिचं नाव इलियट. रंगाने काळी, मूळची गवताळ कुरणाची म्हणजे प्रेअरीची, आणि खाली हिमनदीने आणून टाकलेला घट्ट थर. निचऱ्याच्या बाबतीत सरकारी वर्गवारीत सात पायऱ्या आहेत, अति निचऱ्यापासून ते अगदी निचरा नसलेल्यापर्यंत. इलियट त्यात पाचवी येते. मराठीत म्हणायचं तर ‘काहीसा अपुरा निचरा’. हे ‘काहीसा’ फार फसवं आहे. ऑगस्टमध्ये घर बघायला गेलात तर अंगण कोरडं ठणठणीत असतं. तीच जागा एप्रिलमध्ये बघा, एक-दोन फूट खणलं की खड्ड्यात पाणी जमतं.

दोन काळ्या माती

काळी माती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची जमीन येते. रंग सोडला तर दोघींत साम्य फार थोडं. आपली काळी बेसॉल्टच्या काळ्या पाषाणातून तयार झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर खोल भेगा पडतात. तिच्यात कुजलेला सेंद्रिय अंश मात्र कमीच असतो, पुष्कळ शेतांत एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. इलियटचा काळेपणा खरोखरच सेंद्रिय आहे. वरच्या फूटभर थरात तीन ते पाच टक्के सेंद्रिय पदार्थ, आणि तोही हजारो वर्षं गवताची मुळं कुजून साठलेला. तिची चिकणमाती वेगळ्या जातीची असल्याने ती आपल्या काळीसारखी फुगत नाही आणि तेवढी भेगाळतही नाही.

मोठा फरक तळाशी आहे. आपल्याकडे काळीखाली बहुधा मुरूम लागतो आणि मुरमातून पाणी कमी-जास्त वेगाने खाली जातं. इलियटखाली मुरूम नाही. दोन ते चार फुटांवर राखाडी रंगाचा, चुनखडीयुक्त, गच्च थर लागतो. त्यात बारीक गाळ, चिकणमाती, वाळू, गोटे सगळं एकत्र मळलेलं असतं. याला टिल म्हणतात. यातून पाणी तासाला पाव इंचाहूनही कमी वेगाने मुरतं. म्हणजे अंगण हे मोठं घमेलं आहे आणि घमेल्याच्या तळाला भोक नाही, असं समजा.

हा तळ बनवला बर्फाने. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी शेकडो फूट जाड हिमनदीने मिशिगन सरोवराच्या खोलगट भागातून दक्षिणेकडे पसरून इलिनॉयचा मोठा भाग झाकला होता. वाटेतला सरोवराचा चिखल आणि मऊ शेल दगड तिने खरवडून घेतला, म्हणून शिकागोच्या बाजूचा टिल इतका चिकट. बर्फ मागे हटल्यावर नद्यांच्या उघड्या पात्रांतून वाऱ्याने बारीक धूळ उडवून आणली आणि टिलवर पातळसा थर बसला. पुढे त्यावर गवत आलं. पुरुषभर उंचीचं बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, आणि जमिनीखाली त्याहून खोल गेलेली मुळं. आज आपण ज्याला सुपीक म्हणतो ती माती म्हणजे त्या मुळांची पुण्याई.

गंजाचे डाग

मातीतलं पाणी ओळखायला वसंताची वाट पाहावी लागत नाही. भर उन्हाळ्यात दोन-अडीच फुटांचा खड्डा घ्या आणि ढेकूळ फोडून रंग बघा. वरची काळी संपली की तपकिरी मातीत राखाडी ठिपके आणि तांबूस, गंजासारखे डाग दिसतील. जमीन पाण्याने भरली की त्यातली हवा संपते. मग जिवाणू प्राणवायूऐवजी लोहावर गुजराण करतात, लोह विरघळून हलतं आणि ती जागा राखाडी पडते. पाणी उतरलं की हवा शिरते आणि तेच लोह दुसरीकडे गंजून बसतं. दर वर्षीच्या भरती-ओहोटीची ही नोंदच म्हणायची. मृदाशास्त्रज्ञ निचऱ्याची पायरी ठरवतात ती मुख्यतः हे डाग किती खोलीवर सुरू होतात यावरून.

थोड्या उंचवट्यावर गेलात तर डाग खोल जातात. तिथल्या मातीचं नाव बदलून वार्ना होतं. उतारावरून खाली सखल जागी आलात तर काळ्या थराखाली लगेच राखाडी रंग सुरू होतो. ती अ‍ॅशकम, आणखी ओली. कधी कधी तिघीही एकाच गल्लीत असतात. ‘शेजाऱ्याचं बेसमेंट कोरडं आणि आमचंच का ओलं’ याचं उत्तर पुष्कळदा चार-पाच फुटांच्या चढ-उतारात सापडतं.

शाळेतल्या मुलांना विज्ञानाच्या प्रकल्पासाठी सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे ही माती जगप्रसिद्ध आहे. मातीतल्या सेंद्रिय द्रव्यांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांना तुलनेसाठी एक प्रमाण नमुना लागतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्थेने निवडली ती इलियटच, जोलिएटजवळच्या जुन्या दारूगोळा कारखान्याच्या आवारातल्या न नांगरलेल्या जागेवरून. त्या आवाराच्या मोठ्या भागात १९९६ पासून मिडेविन नॅशनल टॉलग्रास प्रेअरी उभी राहते आहे. २०१५ मध्ये तिथे गवे आणून सोडले. मुलांना घेऊन एकदा जरूर जा.

टाइल

आज या भागात मैलोन् मैल मका आणि सोयाबीन दिसतं. पण सुरुवातीचे गोरे वसाहतवाले या जमिनीला वचकून होते. पाणथळ, डासांनी भरलेली, हिवतापाची जमीन म्हणून ते झाडीच्या कडेने राहत. जॉन डीअरने १८३७ मध्ये ग्रँड डिटूर गावी पोलादी फाळाचा नांगर केला तेव्हा चिकट मातीचा प्रश्न सुटला, पाण्याचा नाही. तो सुटला टाइलने. टाइल म्हणजे इथे फरशी नव्हे, तर भाजलेल्या मातीच्या नळ्या. तीन-चार फूट खोल चर खणून त्या एकापुढे एक मांडायच्या, सांध्यांतून पाणी आत झिरपतं आणि ओढ्याला जातं. इलिनॉयने १८७९ मध्ये यासाठी कायदे केले आणि शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ही कामं काढली. आज राज्यातल्या साधारण एक कोटी एकरांखाली असे पाइप आहेत, आता भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकचे. आपल्याकडे शिरोळ तालुक्यात क्षारपड जमीन सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालतात, त्यामागचं तत्त्व हेच. फरक इतकाच की तिथे पाण्याबरोबर वर येणारं मीठही काढायचं असतं. इथे पाऊस आणि बर्फाचं पाणी ते केव्हाच धुऊन नेतं.

या टाइलची किंमतही आहे. खताचा नायट्रेट त्या पाण्याबरोबर ओढ्यात, तिथून मिसिसिपीत आणि शेवटी मेक्सिकोच्या आखातात जातो, आणि मूळ प्रेअरी तर दहा हजार एकरांमागे जेमतेम एक एकर चांगल्या स्थितीत उरली आहे, तीही जुन्या दफनभूमींत आणि रेल्वेच्या कडेने. ज्यांची मुलं अर्बानाला शिकतात त्यांनी तिथले मॉरो प्लॉट्स पाहावेत. १८७६ पासून त्याच तुकड्यावर मक्याचे प्रयोग चालू आहेत. तिथली माती फ्लॅनगन, म्हणजे इलियटचीच मावसबहीण, निचऱ्याची पायरी तीच, पण टिलवर वाऱ्याच्या मातीचा थर बराच जाड. पिकावर सावली पडू नये म्हणून शेजारचं ग्रंथालय १९६९ मध्ये जमिनीखाली बांधलं.

घर घेताना

आपल्या उपनगरांचा पुष्कळसा भाग गेल्या पिढीपर्यंत शेत होता. घरं बांधताना जुन्या टाइल यंत्राखाली तुटतात, नकाशे कुणाकडे नसतात, आणि तुटलेल्या तोंडातून कुणाच्या तरी अंगणात बारमाही डबकं तयार होतं. शिवाय इथे पाया गोठणीच्या पातळीखाली, म्हणजे ४२ इंच न्यावाच लागतो, आणि बेसमेंट असलं की त्याहूनही खोल. म्हणजे आपण ऐन घमेल्यात खोली बांधतो. पायाभोवतीचे पाइप पाणी खड्ड्यात आणतात आणि पंप ते बाहेर फेकतो. वादळात पाऊस सुरू होतो नेमकी तेव्हाच वीज जाते. त्यामुळे बॅटरीवरचा दुसरा पंप ही चैन नाही. घराच्या नेहमीच्या विम्यात जमिनीतून झिरपलेलं पाणी सहसा धरत नाहीत. पंप बंद पडून झालेल्या नुकसानीसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं, पॉलिसी काढून एकदा वाचा. पूररेषेच्या नकाशात आपलं घर नाही म्हणून निर्धास्त राहू नका, तो नकाशा नदी-ओढ्यांच्या पुराचा आहे.

भांडणाच्या आधी आणखी एक माहीत असू द्या. इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे वरच्या जमिनीचं नैसर्गिकपणे वाहत येणारं पाणी खालच्या मालकाला बांध घालून अडवता येत नाही. हौसेने कुंपणाला लागून मातीचा वरंबा घालण्याआधी याचा विचार करा.

नकाशा पाहायचा तर वेब सॉइल सर्व्हे ही कृषी खात्याची मोफत साइट २००५ पासून आहे. पत्ता टाकायचा, जागेभोवती चौकोन आखायचा, मातीचं नाव, उतार, पाण्याची खोली आणि ‘बेसमेंट असलेल्या घरासाठी अडचणी’ असा तक्ताही मिळतो. मात्र नव्या वसाहतीत बिल्डरने वरची काळी खरवडून विकली किंवा ढीग करून वर-खाली केली असेल, तर नकाशातली इलियट तुमच्या अंगणात असेलच असं नाही. वर चार इंच काळी आणि खाली दाबून बसलेला टिल, हे मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून फावडं घ्याच. खणण्याआधी ८११ ला फोन करा, गॅस-विजेच्या लाइनी फुकट आखून देतात.

परसबागेसाठी

आपल्याकडे शेतकरी पाऊस पडला की लगेच औत धरत नाही, वाफसा येऊ देतो. मूठभर माती दाबून सोडली की भुरभुरीत फुटली पाहिजे. इलियटला हा नियम दुप्पट लागू आहे, कारण इथे वाफसा उशिरा येतो. बर्फ वितळलेलं असतं, झाडं झोपलेली, पाणी ओढणारं कुणी नाही. एप्रिलच्या पहिल्या उबदार शनिवारी उत्साहाने टिलर फिरवलात तर वर्षभर विटांसारखी ढेकळं फोडत बसाल. मेथी-कोथिंबीर लवकर हवी असेल तर दहा-बारा इंच उंच वाफे करा, त्यांचं पाणी उतरतं आणि ते लवकर तापतात. वांगी, भेंडी, दोडका, टोमॅटो मेच्या मध्यानंतर, थंडीचा कडाका संपल्यावरच. एकदा का मुळं खाली गेली की मात्र ही माती उपकार फेडते. जुलैत पंधरा दिवस पाऊस नसला तरी ती ओल धरून ठेवते आणि खतही फार मागत नाही. ब्लूबेरीच्या नादी लागू नका, खालचा चुना तिला सोसत नाही. पिन ओकचीही पानं इथे त्याच कारणाने पिवळी पडतात. कढीपत्ता कुंडीतच ठेवा, ऑक्टोबरमध्ये त्याला घरात आणावंच लागतं.