जुन्या एम्बेडेड प्रोसेसरांवरील स्क्रिप्टिंग इंजिनांचे दोषशोधन

जुन्या एम्बेडेड प्रोसेसरांवरील स्क्रिप्टिंग इंजिनांचे दोषशोधन म्हणजे लुआ, पायथन किंवा जावास्क्रिप्ट यांसारख्या भाषा चालवणारा मूळ कार्यक्रम (इंजिन) अल्प मेमरीच्या व जुन्या रचनेच्या प्रोसेसरावर चुकत असल्यास त्या चुकीचे कारण शोधून ती दूर करण्याची प्रक्रिया होय. अशा वेळी स्क्रिप्ट निर्दोष असते आणि तेच इंजिन डेस्कटॉप संगणकावर बिनचूक चालते. दोष बहुधा इंजिनाच्या लेखकांनी प्रोसेसरविषयी नकळत गृहीत धरलेल्या एखाद्या गोष्टीत असतो.

पार्श्वभूमी

स्क्रिप्टिंग इंजिने प्रामुख्याने सी किंवा सी++ भाषेत लिहिलेली असतात. लुआ ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे विकसित झाली; आटोपशीर इंजिनामुळे ती एम्बेडेड उपकरणांत लोकप्रिय ठरली. पुढे मायक्रोपायथन आणि जेरीस्क्रिप्ट ही खास लहान उपकरणांसाठीची इंजिने आली. जेरीस्क्रिप्ट ६४ किलोबाइटपेक्षा कमी रॅममध्ये चालू शकते.

सी भाषेचे मानक अनेक बाबी प्रोसेसर व कंपायलर यांच्यावर सोपवते. इंजिनाची बहुतेक चाचणी एक्स८६ संगणकांवर होते. हे प्रोसेसर मेमरी हाताळण्याच्या काही चुका खपवून घेतात. जुने एआरएम किंवा मिप्स प्रोसेसर मात्र त्या खपवून घेत नाहीत.

दोषांचे प्रमुख प्रकार

• असंरेखित वाचन : चार बाइटांची संख्या चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर नसल्यास ते वाचन असंरेखित ठरते. एआरएमच्या पाचव्या व त्याआधीच्या आवृत्त्यांत संरेखनाची तपासणी बंद असेल, तर प्रोसेसर कोणतीही सूचना न देता बाइटांचा क्रम फिरवलेली संख्या परत करतो. सहाव्या आवृत्तीपासून साध्या वाचनाला मुभा मिळाली. परंतु एकाच वेळी अनेक शब्द वाचणाऱ्या आज्ञांना ती मिळाली नाही.

• दशांश संख्यांतील शब्दक्रम : जुन्या एआरएम लिनक्सच्या एफपीए पद्धतीत आठ बाइटांच्या संख्येचे दोन अर्धे शब्द नेहमीच्या उलट क्रमाने ठेवले जात. अशा संख्येच्या बिटांमध्ये इतर माहिती दडवणारी इंजिने तेथे फसतात.

• सूचना-कॅशेतील विसंगती : चालू असतानाच यंत्रसंकेत तयार करणारे (जेआयटी) इंजिन तो संकेत डेटा-कॅशेद्वारे लिहिते, तर प्रोसेसर आज्ञा वेगळ्या सूचना-कॅशेतून वाचतो. लिहिल्यानंतर हे कॅशे जुळवून घेतले नाहीत, तर जुन्याच आज्ञा चालू शकतात. डीबगर जोडला की त्याच्या हस्तक्षेपाने कॅशे ताजे होऊन दोष अनेकदा नाहीसा झाल्यासारखा वाटतो.

• चार प्रकाराचे चिन्ह : सी भाषेतील ‘चार’ हा प्रकार एक्स८६ वर सामान्यतः ऋण मूल्येही घेतो, एआरएमवर मात्र तो सामान्यतः केवळ शून्य व धन मूल्ये घेतो. फाइल संपल्याची उणे एक ही खूण अशा चलात साठवल्यास एआरएमवर तिची तुलना कधीच जुळत नाही आणि कार्यक्रम अनंत आवर्तनात अडकतो. यूटीएफ-८ मधील प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तिन्ही बाइट १२७ पेक्षा मोठे असल्यामुळे मराठी मजकूर या फरकाची चांगली चाचणी ठरतो.

उदाहरण : मालवणचा अक्षांश

नौकेचे स्थान लुआ स्क्रिप्टद्वारे नोंदवणारे एक काल्पनिक उपकरण घेऊ. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणच्या अक्षांशाजवळची १६.०६२५ ही संख्या द्विमान पद्धतीत अचूक मांडता येते. तिच्या आठ बाइटांपैकी वरच्या चार बाइटांत सर्व माहिती असते आणि खालचे चार बाइट शून्य असतात. इंजिनाने या दोन भागांची अदलाबदल केली, तर मिळणारी संख्या जवळजवळ शून्य इतकी सूक्ष्म असते. उपकरण बंद पडत नाही, त्रुटीचा संदेशही येत नाही. नौका मात्र विषुववृत्तावर असल्याची नोंद होते. म्हणूनच बंद पडणाऱ्या इंजिनापेक्षा चुकीचे उत्तर देत चालू राहणारे इंजिन अधिक धोकादायक मानले जाते.

शोधाची पद्धत

१. जेआयटी बंद करून तीच स्क्रिप्ट चालवली जाते. दोष नाहीसा झाल्यास शोध संकेतनिर्मिती व कॅशे यांच्याकडे वळतो.

२. डेस्कटॉप व उपकरण यांवर एकच चाचणी चालवून निकाल ताडले जातात आणि जेथे पहिला फरक दिसेल तेथपर्यंत स्क्रिप्ट लहान केली जाते.

३. प्रत्येक मेमरी-वाटपाच्या वेळी कचरा-संकलन सक्तीने चालवले जाते. त्यामुळे क्वचित दिसणारा मेमरी-दोष लवकर व ठरावीक जागी प्रकट होतो.

४. एआरएम लिनक्समध्ये असंरेखित वाचनांची मोजणी पाहता येते. अशा वाचनाची दुरुस्ती करावी, इशारा द्यावा की कार्यक्रम थांबवावा, हेही ठरवता येते.

५. उपकरणावर जीडीबीचा लहान सर्व्हर व संगणकावर मुख्य डीबगर चालवला जातो. कार्यप्रणालीच नसलेल्या उपकरणासाठी जेटॅग जोडणी वापरतात.

क्यूईएमयूसारखा एम्युलेटर सोयीचा असला तरी तो कॅशेचे वर्तन हुबेहूब उभे करत नाही. त्यामुळे अंतिम पडताळणी प्रत्यक्ष उपकरणावरच करावी लागते.

महाराष्ट्रातील संदर्भ

‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे प्रकाशित झाला. त्यात ३६६ मेगाहर्ट्‌झचा एआरएम प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट रॅम होती. प्रकल्पाची धुरा पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सादर झालेल्या ‘आकाश २’ मध्ये १ गिगाहर्ट्‌झचा कॉर्टेक्स-ए८ प्रोसेसर व ५१२ मेगाबाइट रॅम होती. विद्यार्थ्यांना टॅब्लेटवरच सी, सी++, पायथन आणि सायलॅब यांमध्ये प्रोग्रामिंग करता यावे, यासाठी संस्थेने सॉफ्टवेअर तयार केले. कॉर्टेक्स-ए८ हा एआरएमच्या सातव्या आवृत्तीचा प्रोसेसर आहे. त्या आवृत्तीसाठी संकलित केलेले इंजिन आधीच्या आवृत्तीच्या प्रोसेसरावर ‘अवैध आज्ञा’ या त्रुटीने थांबू शकते.

किनारपट्टीवरही एम्बेडेड उपकरणांचा वापर वाढत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे मासेमारी नौकांसाठीच्या संपर्क व साहाय्य प्रणालीचा राष्ट्रीय प्रारंभ झाला. तिच्याअंतर्गत १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत १ लाख ट्रान्सपाँडर बसवण्याचे नियोजन आहे.

महत्त्व

शाळा, प्रयोगशाळा व नौका यांमधील उपकरणे वर्षानुवर्षे बदलली जात नाहीत, तर इंजिनांच्या नव्या आवृत्त्या जुन्या प्रोसेसरांना हळूहळू वगळतात. उदाहरणार्थ, नोड.जेएसने १२व्या आवृत्तीपासून एआरएमच्या सहाव्या आवृत्तीचा आधार प्रायोगिक श्रेणीत टाकला. पहिल्या रास्पबेरी पायचा प्रोसेसर याच आवृत्तीचा आहे. अशा उपकरणांचे आयुष्य वाढवण्यासाठी केवळ दोष झाकून भागत नाही. इंजिनाचे मूळ गृहीतक शोधून ते संकेतात स्पष्टपणे नोंदवणे आणि त्यासाठी कायमस्वरूपी चाचणी जोडणे हा या दोषशोधनाचा अंतिम टप्पा मानला जातो.