सल्लागार कोणाचा?

परीक्षांचे निकाल लागले की शिक्षकांकडे पालकांची ये-जा सुरू होते. त्यात हल्ली एक प्रश्न हमखास असतो, ‘मुलाला परदेशी पाठवायचे आहे, कोणाला विचारावे?’ आम्ही संशोधन संस्थेत काम करणारी मंडळी. शिफारसपत्रासाठी आमच्याकडे येणारे विद्यार्थीही हेच विचारतात. सल्ला देणारे आता जिल्ह्याच्या गावीही पुष्कळ आहेत. मात्र सल्ला देणारा कोणाच्या वतीने बोलतो आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे समजून घेण्यासाठी सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या चीनकडे वळावे लागेल.

युंग विंग हा मकावजवळच्या खेड्यातला मुलगा. एका मिशनरी शिक्षकाबरोबर तो १८४७ साली अमेरिकेला गेला आणि १८५४ साली येल विद्यापीठाचा पदवीधर झाला. अमेरिकन विद्यापीठाची पदवी मिळवणारा तो पहिला चिनी विद्यार्थी. आपल्याला मिळाले ते शिक्षण आपल्या देशातील इतर मुलांनाही मिळावे, या ध्यासाने तो मायदेशी परतला. सरकार दरबारी त्याचे म्हणणे मान्य व्हायला सतरा वर्षे लागली. अफूच्या युद्धांतील पराभवांनी हादरलेल्या चीनला तोफा, जहाजे आणि ती बनवणारी माणसे हवी होती. अखेर ली हुंगचांग प्रभृती वजनदार अधिकाऱ्यांच्या पाठिंब्याने योजना मंजूर झाली. दरवर्षी ३० याप्रमाणे चार वर्षांत १२० मुले पाठवायची, प्रत्येकाने तेथे १५ वर्षे शिकायचे आणि परत येऊन सरकारी नोकरी करायची. सारा खर्च सरकारचा.

पहिली तुकडी १८७२ च्या ऑगस्टमध्ये शांघायहून निघाली. मुले बहुतेक १० ते १६ वर्षांची. कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांतील कुटुंबांत त्यांना दोन-दोन, तीन-तीन करून ठेवण्यात आले. भाषा लवकर यावी, हा त्यामागचा उद्देश. हार्टफर्ड या गावी योजनेची कचेरी होती. तेथे मुलांनी ठरावीक काळाने येऊन चिनी भाषा आणि कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ग्रंथ शिकावेत, असा नियम होता.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे या कचेरीतील प्रमुख. सरकारने तेथे दोन प्रकारची माणसे नेमली होती. एक युंग विंग, ज्याला मुलांची अडचण स्वानुभवाने ठाऊक होती. दुसरा जुन्या परीक्षा पद्धतीतून वर आलेला चिनी अधिकारी, ज्याने मुले ‘चिनी’ राहतात की नाही हे पाहायचे. मुले भराभर बदलत होती. लांब झगे जाऊन पाटलोणी आल्या, बेसबॉलचे सामने होऊ लागले, काहींनी ख्रिस्ती धर्माकडे ओढा दाखवला. डोक्यावरची वेणी हा सर्वांत नाजूक विषय होता. मांचू राजवटीत वेणी कापणे म्हणजे बंड समजले जाई. ज्यांनी ती कापली, त्यांना परत पाठवण्यात आले.

पुढे वू त्झुदंग हा अधिकारी प्रमुख म्हणून आला आणि त्याने सरकारला प्रतिकूल अहवाल पाठवायला सुरुवात केली. मुले बिघडली आहेत, ती देशाच्या उपयोगी पडणार नाहीत, असा त्यांचा सूर होता. वूला केवळ खलनायक ठरवणे मात्र योग्य नव्हे. पैसा सरकारचा होता, मुले चिनी अभ्यास टाळत होती आणि सरकारला खरे काय ते कळवणे हे त्याचे कामच होते. दुसऱ्या बाजूला युंग विंगवर वॉशिंग्टनमध्ये वकिलातीची जबाबदारी पडली होती. विद्यार्थ्यांना समजून घेणारा सल्लागार दूर आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा जवळ, अशी स्थिती झाली.

अमेरिकेनेही आपला वाटा उचलला. सरकारी शिक्षणसंस्थांत चिनी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची तरतूद १८६८ च्या करारात होती, तरीही सैनिकी व नाविक अकादमींनी दारे उघडली नाहीत. कॅलिफोर्नियात चिनी मजुरांविरुद्ध वातावरण तापले होते. येलचे अध्यक्ष नोआ पोर्टर यांनी चीन सरकारला पत्र लिहिले. मार्क ट्वेन यांनी खटपट करून माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना ली हुंगचांगला पत्र लिहायला लावले. उपयोग झाला नाही. १८८१ साली सर्वांना परत बोलावण्यात आले. पंधरा वर्षांची योजना नवव्या वर्षी संपली, तेव्हा पदवी फक्त दोघांच्या हाती होती.

शांघायला उतरल्यावर या तरुणांना काही दिवस पहाऱ्यात ठेवले गेले. मग कोण काय शिकला आहे हे फारसे न पाहता कामे वाटण्यात आली. पदवीधरांपैकी एक झान तियानयू. तो येलमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकला होता, त्यातही रेल्वे हा त्याचा विषय. त्याला नाविक शाळेत धाडण्यात आले. रेल्वेच्या कामावर तो पोहोचला १८८८ साली, म्हणजे सात वर्षांनी. पुढे १९०५ ते १९०९ या काळात त्याने बीजिंग ते झांगजियाको हा सुमारे २०० किलोमीटरचा डोंगराळ मार्ग चिनी अभियंत्यांच्या बळावर पुरा केला. तीव्र चढावर गाडीची दिशा उलटवून तिला वर नेण्याची युक्ती त्याने वापरली. आपल्या बोरघाटातही पूर्वी अशीच उलट फिरण्याची व्यवस्था होती. एका माणसाची सात वर्षे वाया गेली, तर इतरांचे काय झाले असेल याची कल्पना करावी.

दुसरे उदाहरण आपल्याच विद्यार्थ्यांचे आहे. इंग्लंडमधील हिंदी विद्यार्थ्यांची चौकशी करण्यासाठी १९०७ साली ली-वॉर्नर समिती नेमली गेली. १९०९ साली लंडनमध्ये माहिती कचेरी निघाली आणि शैक्षणिक सल्लागार म्हणून थॉमस आर्नल्ड यांची नेमणूक झाली. अलीगढ आणि लाहोर येथे शिकवलेले हे विद्वान गृहस्थ. प्रवेश, राहण्याची सोय अशी उपयुक्त कामे कचेरी करी. पण त्याच वर्षी १ जुलै रोजी मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांना गोळ्या घातल्या आणि विद्यार्थ्यांवरची सरकारी नजर अधिक कडक झाली. सल्लागाराची कचेरी आणि पोलीस यांचे डोळे एकच आहेत, असा संशय विद्यार्थ्यांत पसरला. हा अविश्वास इतका टिकला की १९२१-२२ च्या लिटन समितीलाही त्याची दखल घ्यावी लागली. सल्लागार सज्जन असून भागत नाही. तो कोणाला उत्तर देतो, यावर त्याच्या शब्दाची किंमत ठरते.

आज वेणीचा प्रश्न उरलेला नाही, परंतु दोन धन्यांचा आहे. अमेरिकेत २००३ पासून परदेशी विद्यार्थ्यांची नोंद एका सरकारी संगणकप्रणालीत ठेवली जाते आणि ते काम विद्यापीठातील सल्लागारच करतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारने अनेकांच्या नोंदी अचानक रद्द केल्या. तेव्हा ही यादी रोज उघडून पाहणे आणि विद्यार्थ्याला वाईट बातमी सांगणे, हे त्याच सल्लागारांच्या नशिबी आले. नोंदी पुढे पूर्ववत झाल्या, पण मधले आठवडे कोणी परत देऊ शकत नाही.

आपल्याकडे तिसरा धनी आहे. पुष्कळ सल्ला केंद्रांना परदेशी संस्थांकडून दर प्रवेशामागे दलाली मिळते. सल्ला ‘मोफत’ असतो तो यामुळे. यात सगळेच लबाड असतात असे नाही. मात्र ज्या संस्थेकडून पैसे मिळत नाहीत, तिचे नाव अशा यादीत खाली जाणे साहजिक आहे. २०२३ साली कॅनडात काही भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रेच दलालाने दिलेली बनावट निघाली आणि वर्षानुवर्षे तेथे शिकून काम करणाऱ्यांवर देश सोडण्याची पाळी आली. नियमही झपाट्याने बदलतात. कॅनडाने २०२४ च्या जानेवारीत विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली.

म्हणून पालक विचारायला आले, की आपण त्यांना तीन प्रश्न सुचवावेत. या सल्लागाराला पैसे कोण देतो? विद्यार्थ्याचे भले आणि सल्लागाराचा लाभ वेगळे झाले, तर तो काय करील? आणि मुलाला मध्येच परतावे लागले, तर त्याची बाजू घेऊन कोण उभे राहील?

हार्टफर्डहून परत बोलावलेल्यांत तांग क्वोआन हा एक होता. त्याचे येलमधील शिक्षण अपुरेच राहिले. १९०९ साली चीनने पुन्हा ४७ विद्यार्थी अमेरिकेला पाठवले, तेव्हा त्यांना घेऊन जाण्याचे काम याच तांगकडे आले. पुढे त्या योजनेतून उभ्या राहिलेल्या चिंगह्वा विद्यालयाचा तो पहिला अध्यक्ष झाला. अर्ध्यावर परतण्याचे दुःख त्याला ठाऊक होते. आपल्या शिक्षकाला ना दलाली मिळते, ना कोणाला अहवाल धाडायचा असतो. हे तीन प्रश्न विचारायला त्याच्याइतका मोकळा माणूस पालकांना दुसरा कोण मिळणार?