रंगाआधीची भिंत



नवा गिलावा झाला की घरात सगळ्यांना रंगाची घाई होते. शेडकार्ड या हातातून त्या हातात फिरतं. पण रंग टिकतो तो त्याच्याखाली दिलेल्या हातावर. जुन्या कारागिरांना हे ठाऊक होतं आणि आपल्या लेण्यांत त्याचा पुरावा आहे.

तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ सित्तन्नवासलचं जैन लेणं आहे. त्याच्या छतावर कमळांचं तळं रंगवलं आहे. त्यात मासे, हंस, हत्ती आणि कमळं खुडणारे भव्यजीव. समवसरणातला हा देखावा हजार वर्षांहून जुना. कारागिरांनी कातळावर आधी चुना-वाळूचा गिलावा चढवला, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि मगच रंग भरले. अजिंठ्यात गिलावा मातीचा, भाताचा तूस आणि झाडपाल्याचे तंतू घालून मळलेला; पण वर तोच चुन्याचा पातळ थर. हाच त्या काळचा प्रायमर!

चुनखडी भाजून कळीचा चुना करायचा, तो पाण्यात विरवायचा आणि गाळायचा. भिंतीवर गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा दगडासारखा होतो. शिवाय भिंतीतल्या ओलीला बाहेर पडायला वाट ठेवतो.

ही वाट बुजवली तर? 1920 च्या सुमारास निजामाने अजिंठ्याची चित्रं जपण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रांवर लाखेचं व्हार्निश दिलं. हेतू चांगला होता, पण काही वर्षांत तो थर पिवळा-काळपट पडला. पुढे पुरातत्त्व खात्याला तो मोठ्या कष्टाने उतरवावा लागला.

लाख किड्यांपासून मिळते. श्रावकाने टाळायच्या पंधरा व्यवसायांत लाक्षावाणिज्य येतं ते त्यामुळेच. जुन्या डिस्टेंपरमध्ये तर जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस असे. आमच्या आजेसासूबाई चुन्यात सरस घालू देत नसत. बाभळीचा डिंक भिजवून देत.

आजचा गिलावा सिमेंटचा. तो क्षारयुक्त असतो, त्यामुळे ओल्या भिंतीवर ऑइलपेंट दिला की त्याचा अक्षरशः साबण होतो आणि पोपडे निघतात. म्हणून निदान सात दिवस पाणी मारायचं आणि नंतर साधारण महिनाभर भिंत सुकू द्यायची. सुकली का, हे पाहायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. आतून दव आलं तर थांबा. मग पॉलिशपेपर मारून धूळ कोरड्या फडक्याने पुसायची आणि क्षार सोसणाऱ्या प्रायमरचा एक हात द्यायचा. पुट्टी भरायची असेल तर ती घासून झाल्यावर प्रायमरचा आणखी एक हात. रंग त्यानंतर.

ठेकेदार घाई करेल, मुहूर्त जवळ आला म्हणेल. पण ओल कोंडली की बुरशी धरते, आणि बुरशीत अनंत जीव. मग त्या भिंती खरवडायच्या, औषध मारायचं, म्हणजे महिनाभराचा धीर न धरल्यामुळे आपल्या हातून वर्षानुवर्षं हिंसा. घराच्या बांधकामात यत्नाचार पाळायचा तो असा, रंगाचा डबा उघडण्याआधी.