कौतिकच्या मजुरीमागचा कापूस

उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली आणि तेव्हापासून ती बहुतेकदा कौतिक नावाच्या एका जिद्दी बाईची शोकांतिका म्हणून वाचली गेली. हे वाचन चुकीचं नाही, पण अपुरं आहे. कथा वऱ्हाडातल्या शिंप्याच्या घरातली आहे. नवऱ्याच्या, महादेवच्या हातात शिवणकामाचं कसब आहे, तरी पोरांची पोटं भरायला कौतिकला लोकांच्या वावरात मजुरीला जावं लागतं. कसबी घरातली बाई रोजमजुरीवर का येते? याचं उत्तर तिच्या नशिबात शोधण्याआधी वऱ्हाडच्या आधीच्या शंभर वर्षांत शोधायला हवं.

१८५३ च्या तहाने निजामाचं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकेच्या यादवीने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि त्यांचं लक्ष इथल्या काळ्या जमिनीकडे वळलं. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. कापूस कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नॅकने तर हेतू उघडच मांडला होता. रेल्वेने विलायती कापड स्वस्तात उतरलं, की इथल्या कातणाऱ्या-विणणाऱ्यांचं काम सुटेल आणि ती माणसं शेतमजुरीला मिळतील, अशी त्याची आशा होती. बाळापूरची पागोटी एके काळी नावाजलेली होती. तो धंदा उतरत गेला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, तशी हातचरखीवर सरकी काढणाऱ्या बायकांची कमाई आटली. मात्र व्यापाराची व्यवस्था लवकर लागली: कारंज्याला १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला आणि १८९७ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. मजुराच्या ज्वारीची अशी तजवीज कुणी केली नाही. ज्याला वावर नाही त्याला दाणा विकत घ्यावा लागे, आणि पीक बुडालं की मजुरीही बुडे. १८९१ ला सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या दोन दुष्काळांनंतर, १९०१ च्या शिरगणतीत, साडेसत्तावीस लाखांवर आली. एवढी माणसं का कमी झाली, हे नुसत्या पावसाच्या नोंदींवरून कळणार नाही.

यावर कुणी म्हणेल, कापसाने अमरावती-अकोल्याला पेठा दिल्या, गिरण्या दिल्या, कित्येक शेतकरी सधन झाले. खरंच झाले. पण ती सधनता वावर आणि भांडवल असणाऱ्यांकडे गेली; कौतिककडे दोन्ही नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: महादेवचा ऐदीपणा शेळक्यांनी इतका स्पष्ट रंगवला आहे, मग दोष इतिहासाला कसा द्यायचा? महादेव निर्दोष आहे असं मला म्हणायचंच नाही. पण एका माणसाच्या ऐदीपणाने अख्खं घर बसावं, इतका आधार त्या घराखालून आधीच निघून गेला होता, आणि तो काढून घेणारा महादेव नव्हे. शेळके हे व्याख्यान देऊन सांगत नाहीत. घरातली ओढाताण ते वऱ्हाडी बोलीत जशीच्या तशी मांडतात, म्हणून कादंबरीचा पुरावा मला भरवशाचा वाटतो. सर आल्फ्रेड लायलने १८७० मध्ये संपादित केलेलं वऱ्हाडचं गॅझेटियर ‘धग’ शिकवताना वर्गात सोबत ठेवावं, आणि कापसाच्या बाजारपेठांवरची त्याची पानं वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना कौतिकच्या मजुरीचे प्रसंग पुन्हा उघडायला सांगावेत.