यकृताच्या कर्करोगावरील मद्यार्क-अंतःक्षेपण : उदय आणि मर्यादा

वैद्यकाचा इतिहास बहुधा उपकरणांच्या क्रमाने लिहिला जातो. जुने साधन अपुरे ठरले, नवे आले, जुने मागे पडले, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते. यकृताच्या कर्करोगात निर्जल मद्यार्क सुईने सोडण्याच्या पद्धतीचा इतिहास पाहू जाता ही मांडणी अपुरी वाटते. या पद्धतीचे यश व तिची मर्यादा ही दोन्ही रोगग्रस्त यकृताच्या रचनेतच रुजलेली होती, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मद्यार्काचा ऊतकनाशक गुण नवा नव्हता. चेहऱ्याच्या असह्य मज्जाशूळावर मज्जातंतूत मद्यार्क टोचण्याचा उपाय विसाव्या शतकाच्या आरंभीच रूढ झाला होता. यकृतासारख्या खोल इंद्रियात मात्र सुईला वाट व हाताला दृष्टी हवी होती. जपानमधील चिबा विद्यापीठात पित्तमार्गाच्या तपासणीसाठी तयार झालेली बारीक, लवचिक सुई त्या गावाच्याच नावाने प्रसिद्ध आहे. कुनिओ ओकुडा यांनी तिच्या उपयोगाचा वृत्तांत १९७४ साली प्रसिद्ध केला. त्याच दशकात श्राव्यातीत ध्वनीने यकृताचे हलते चित्र पाहणे शक्य झाले आणि यकृत्‌सूत्रण झालेल्या रोग्यांत दोन-तीन सेंटिमीटरांची अर्बुदे आढळू लागली. अर्बुद लहान होते. परंतु यकृत इतके दुबळे, की शस्त्रक्रिया सोसवणारी नव्हती. या पेचातून १९८३ साली चिबा येथील सुगिउरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्यार्क-अंतःक्षेपणाची पद्धती प्रसिद्ध केली. इटलीत तितो लिव्राघी यांनी १९८६ साली व टोकिओत शिइना यांनी १९८७ साली आपले अनुभव मांडले.

मद्यार्क कोशिकांतील पाणी शोषून घेतो, प्रथिने साखळवितो आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पाडतो. त्यामुळे ऊतक मृत होते. येथे एक लक्षणीय योग जुळून आला. सूत्रण झालेले यकृत कठीण असते, तर त्यात उद्भवणारे अर्बुद मऊ व बहुधा संपुटाने वेढलेले असते. म्हणून मद्यार्क अर्बुदातच पसरतो व भोवतालच्या कठीण ऊतकात सहसा शिरत नाही. इतर इंद्रियांतून निरोगी यकृतात पसरलेल्या कर्करोगाची स्थिती उलट असते. अर्बुद कठीण आणि यकृत मऊ. तेथे ही पद्धती फारशी यशस्वी झाली नाही. ज्या व्याधीने शस्त्रक्रियेचा मार्ग रोखला, तिनेच सुईचा मार्ग मोकळा केला, असे म्हणावयास हरकत नाही.

मर्यादेचे कारणही तेथेच सापडते. अर्बुदातील तंतुमय पडदे मद्यार्काला अडवितात. त्यामुळे काही भाग जिवंत राहतो व अंतःक्षेपण वारंवार करावे लागते. लिव्राघी यांनी १९९५ साली ७४६ रोग्यांचे फलित प्रसिद्ध केले. पाच सेंटिमीटरांपर्यंतचे एकच अर्बुद असलेल्यांपैकी, यकृताचे कार्य बरे असणाऱ्यांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ४७ टक्के, मध्यम असणाऱ्यांत २९ टक्के, तर अत्यंत ढासळलेल्यांत शून्य होते. उपचार तोच असूनही आयुष्य ठरविले ते उरलेल्या यकृताने.

पुढे रेडिओ-कंप्रतेच्या विद्युत्‌प्रवाहाने अर्बुद जाळण्याची पद्धती आली. उष्णता पडदे ओलांडू शकते. १९९९ साली लिव्राघी यांनीच केलेल्या तुलनेत पूर्ण नाशाचे प्रमाण नव्या पद्धतीत ९० टक्के, तर मद्यार्काने ८० टक्के होते. बैठका सरासरी अनुक्रमे १·२ व ४·८ लागल्या. शिइना यांच्या २००५ सालच्या २३२ रोग्यांवरील यदृच्छ चाचणीत चार वर्षांचे जीवितमान ७४ व ५७ टक्के असे आढळले. ज्यांनी मद्यार्काचा पुरस्कार केला, त्यांनीच त्याची उणीव मोजून दाखविली, ही गोष्ट शास्त्रीय वृत्तीची द्योतक होय.

तथापि मद्यार्क सर्वस्वी बाद झालेला नाही. पित्तनलिका किंवा आतडे यांच्या लगत उष्णता धोक्याची ठरते; मोठ्या रक्तवाहिनीजवळ ती वाहून जाते. अशा स्थळी, तसेच महागडी यंत्रे नसतील तेथे, बारीक सुई व अल्पमोली द्रव यांचे महत्त्व टिकून आहे. एखादा उपचार ‘कालबाह्य’ म्हणण्यापूर्वी तो कोणत्या रोग्यासाठी व कोणत्या परिस्थितीत कालबाह्य, हे इतिहासकाराने विचारले पाहिजे.