मायानगरीत पाऊल टाकण्यापूर्वी

बेळगाव-निपाणीकडचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थिरावतो, दोन-तीन वर्षांनी आईवडिलांना बोलावून घेतो, आणि 'यांना काय दाखवायचे?' असा प्रश्न निघाला की नायगाऱ्याच्या जोडीला डिस्नेचे नाव हमखास येते. कुणी मुलांचा हट्ट म्हणून सिंगापूर-हाँगकाँगची सहल काढतात. जाणाऱ्याला सूचनांचा तोटा नसतो. पहाटे निघा, सपाट चपला घाला, दुपारी बारा वाजता जेवायला जाऊ नका, मुलांची उंची घरीच मोजून ठेवा. सूचना बरोबर असतात, पण त्यांचे कारण कोणी सांगत नाही, आणि कारण न कळलेली सूचना ऐन वेळी आठवत नाही. ही कारणे थीम पार्कच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात सापडतात. खर्च सबंध वर्षाच्या शिलकीचा आणि हाती दिवस एक किंवा दोन, अशी स्थिती असणाऱ्या कुटुंबाने तो इतिहास थोडा तरी जाणून घ्यावा, म्हणून हा खटाटोप.

कुंपणाचा शोध

जत्रा आपल्याला नवीन नाही. सौंदत्तीची यल्लम्मा असो की चिंचलीची मायाक्का, जत्रेला दरवाजा नसतो. कोणीही कुठूनही यावे, पाळण्यात बसायचे तर पाळणेवाल्याला पैसे द्यावेत. थीम पार्कचा जन्म झाला तो या जत्रेला कुंपण घातल्याने. कोपनहेगनमध्ये गेऑर्ग कार्स्टेन्सन याने १५ ऑगस्ट १८४३ रोजी टिवोली ही बाग उघडली. आत फुलझाडे, संगीत, खेळ, दिवे आणि दारावर तिकीट. ती बाग आजही चालू आहे. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर १८९७ साली जॉर्ज टिल्यू याने 'स्टीपलचेस पार्क' काढले आणि समुद्रकाठच्या खुल्या गर्दीतला आपला भाग कुंपणाने वेगळा केला. १९०७ साली आगीत ते पार्क जवळजवळ भस्मसात झाले, तेव्हा या गृहस्थाने जळके अवशेष पाहण्यासाठी दहा सेंटचे तिकीट लावले!

ही गोष्ट गमतीची खरी, पण त्यात एक धडा आहे. कुंपणाच्या आतली प्रत्येक गोष्ट कोणीतरी हिशेब करून मांडलेली असते. करमणूक खोटी नसते, पण हिशेबही खोटा नसतो. पाहुण्याने आपलाही हिशेब घरून करून निघावे.

एकच दरवाजा, एकच रस्ता

वॉल्ट डिस्ने यांनी टिवोली पाहिली होती. तिथली स्वच्छता आणि कुटुंबाने मिळून फिरावे असे वातावरण त्यांना भावले. लॉस एंजेलिसजवळ अ‍ॅनाहाइम येथे संत्र्यांच्या बागांची १६० एकर जागा घेऊन, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून त्यांनी डिस्नेलँड उभारले. १७ जुलै १९५५ रोजी उद्घाटन झाले आणि सोहळा दूरचित्रवाणीवरून सगळ्या अमेरिकेने पाहिला. पडद्यावर जे फारसे दिसले नाही ते असे: बनावट तिकिटांवर हजारो माणसे आत शिरली, ताजे डांबर उन्हाने मऊ होऊन बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या, आणि नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे राहिले. सपाट चपला आणि पाण्याची बाटली या दोन सूचना पहिल्या दिवसाइतक्याच जुन्या आहेत. डांबर आता रुतत नाही, पण दिवसभरात सहज आठ-दहा मैल चाल होते. कोऱ्या बुटांनी तिथे जाऊ नये. अमेरिकेतल्या डिस्ने उद्यानांत खाद्यपदार्थांच्या बहुतेक खिडक्यांवर पेलाभर थंड पाणी मागितले तर फुकट मिळते. बाटली विकत घेण्याचे कारण नाही.

डिस्नेलँडची मांडणी मुद्दाम वेगळी केली होती. बाकीच्या उद्यानांना चारी बाजूंनी दरवाजे असत, इथे एकच ठेवला. दरवाजातून 'मेन स्ट्रीट' ही दुकानांची पेठ, पेठेच्या टोकाला राजवाडा, त्याच्यापुढे चौक, आणि चौकातून चाकाच्या आऱ्यांसारखे निरनिराळ्या विभागांकडे जाणारे रस्ते. सकाळी दार उघडले की माणसे पेठेतच रेंगाळतात आणि मग जवळच्या राइडकडे वळतात. म्हणून पहिल्या तासात पेठेकडे न पाहता चौक ओलांडावा, थेट टोकाचा विभाग गाठावा आणि परतीच्या वाटेवर जवळचे पाहावे. दुकाने सायंकाळीही तिथेच असतात, किंबहुना बाहेर पडताना ती चुकवताच येत नाहीत.

वॉल्टना आगगाडीचे विलक्षण वेड. १९५० साली त्यांनी घराच्या आवारात छोटी वाफेची गाडी बसवली होती. तेच वेड डिस्नेलँडला वळसा घालणाऱ्या रेल्वेत उतरले. बरोबर आजी-आजोबा असतील तर ही गाडी म्हणजे वरदान. वेगळे तिकीट नाही, धक्के नाहीत, आणि बसल्या जागी सगळ्या उद्यानाला फेरी होते. चालण्याचा त्रास असेल तर दाराशीच चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. ती घेण्यात संकोच करू नये.

या उद्यानाचे राजकीय पाहुणेही नोंदण्यासारखे. १९५९ साली सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना सुरक्षेच्या कारणावरून तिथे जाऊ दिले नाही आणि ते जाहीरपणे संतापले. नोव्हेंबर १९६१ मध्ये मात्र पंडित नेहरू डिस्नेलँडला गेले आणि खुद्द वॉल्ट डिस्ने त्यांच्यासोबत होते.

फ्लोरिडातले संस्थान

अ‍ॅनाहाइमला एक गोष्ट वॉल्टना सलत राहिली. कुंपणाबाहेर दुसऱ्यांची मॉटेले उभी राहिली आणि पाहुण्यांच्या मुक्कामाचा पैसा त्यांच्याकडे गेला. दुसऱ्या खेपेस त्यांनी जमीनच इतकी घेतली की बाहेरचे कोणी जवळ येऊ नये. १९६४-६५ मध्ये नावापुरत्या काढलेल्या कंपन्यांमार्फत फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ सुमारे २७ हजार एकर जागा गुपचूप खरेदी झाली. ऑक्टोबर १९६५ मध्ये तिथल्या वर्तमानपत्राने खरा खरेदीदार कोण ते छापले आणि उरल्यासुरल्या जमिनीचे भाव भडकले. १५ डिसेंबर १९६६ रोजी वॉल्ट वारले. १९६७ साली राज्याच्या विधिमंडळाने या भूमीसाठी स्वतंत्र जिल्हा स्थापून रस्ते, सांडपाणी, अग्निशमन असे अधिकार त्याला दिले. सांगली-जमखंडीची संस्थाने ज्यांनी ऐकली-पाहिली आहेत त्यांना हे प्रकरण समजायला जड जाणार नाही. २०२३ साली राज्याने त्या जिल्ह्याचे मंडळ नेमण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी तिथे 'मॅजिक किंगडम' आणि त्याच्या शेजारची हॉटेले एकत्रच सुरू झाली. आज ज्याला आपण रिसॉर्ट म्हणतो त्याचा हा नमुना. पुढे १९८२, १९८९ आणि १९९८ साली आणखी तीन उद्याने झाली. चार उद्याने एका दिवसात पाहण्याचा बेत म्हणजे काशी-रामेश्वर एका दिवसात. पहिल्या भेटीत एक उद्यान, एक दिवस, हेच प्रमाण धरावे. मॅजिक किंगडमचा वाहनतळ मुद्दाम तलावाच्या पलीकडे ठेवला आहे. तिथून मोनोरेलने किंवा बोटीने दाराशी जावे लागते, त्यासाठी पाऊण तास हाताशी ठेवावा. रिसॉर्टच्या हॉटेलात उतरलेल्यांना अर्धा तास आधी आत सोडतात. मात्र मंडळी सहा-आठ असतील आणि घरी भात-आमटी करून खायची सवय असेल, तर जवळच्या किसिमी गावात स्वयंपाकघरासह भाड्याने मिळणारे घर बहुधा परवडते. कंपनीचा हिशेब आणि आपला हिशेब इथे वेगळे पडतात. बाहेरचे खाणे अमेरिकेतल्या डिस्ने उद्यानांत नेता येते, फक्त काचेची भांडी आणि मद्य चालत नाही. तेव्हा दशम्या आणि चिवडा खुशाल बरोबर घ्यावा.

टोकियोचे छप्पर, पॅरिसची न्याहारी

१५ एप्रिल १९८३ रोजी टोकियोजवळ उरायासू येथे समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर अमेरिकेबाहेरचे पहिले डिस्नेलँड उघडले. मालकी जपानी कंपनीची, डिस्नेला स्वामित्वधन. तिथल्या पावसाचा विचार करून मेन स्ट्रीटच्या जागी काचेच्या छपराखालची पेठ बांधली. बाहेरचे जेवण आत नेण्यास तिथे मनाई आहे. शाकाहाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे की साध्या दिसणाऱ्या जपानी रश्शातही पुष्कळदा माशाचा अर्क असतो. तेव्हा न विचारता घेऊ नये.

१२ एप्रिल १९९२ रोजी पॅरिसच्या पूर्वेस ३२ किलोमीटरवर 'युरो डिस्ने' सुरू झाले आणि कंपनीचे बरेच ठोकताळे कोसळले. युरोपीय माणूस सकाळी फारसे खात नाही असे समजून न्याहारीच्या जागा लहान बांधल्या. सगळ्यांना भरपेट न्याहारी हवी होती. दारूबंदीचा अमेरिकन नियम फ्रेंचांना रुचला नाही आणि १९९३ साली मद्याला परवानगी द्यावी लागली. जेवायला सगळे एकाच वेळी, साडेबाराला, हजर होत. हॉटेलांत पाच हजारांहून अधिक खोल्या बांधल्या, पण उद्यानाच्या दाराशीच उपनगरी गाडीचे स्थानक. पुष्कळ लोक सकाळी येऊन रात्री पॅरिसला परत जात, खोल्या रिकाम्या पडत. १९९४ साली कर्जाची फेरमांडणी झाली आणि नावही 'डिस्नेलँड पॅरिस' झाले.

भाषेचाही वाद झाला. अमेरिकन कंपनी आमची भाषा आणि संस्कृती गिळणार, असे फ्रान्समधले अनेक विचारवंत म्हणत होते. अखेर फलकांवर आणि राइडमधल्या संवादांत फ्रेंच-इंग्रजी दोन्ही नांदू लागल्या. दोन भाषांच्या पाट्यांखाली वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्यात नवल वाटू नये.

या फसलेल्या अंदाजांतून प्रवाशाला मिळते ते हे: जेवण साडेअकराला किंवा अडीचनंतर उरकावे, म्हणजे ऐन गर्दीच्या वेळी खाणावळीतली रांग चुकते. आणि पॅरिस पाहायला गेलेल्याने रिसॉर्टमध्ये मुक्काम केलाच पाहिजे असे नाही. 'आर ई आर ए' या मार्गाची गाडी दारात सोडते.

रांगेतली समता

डिस्नेलँडमध्ये आधी प्रवेशाचे वेगळे आणि प्रत्येक राइडचे वेगळे पैसे पडत. ऑक्टोबर १९५५ पासून तिकिटांची पुस्तिका निघाली, अ ते ई अशा प्रतींची कूपने पुढे तीत आली. १९८२ साली पुस्तिका बंद होऊन एकाच तिकिटात सगळे, अशी पद्धत रुळली. त्यानंतर पैसा दारावरच संपायचा आणि आत सगळे सारखे. श्रीमंताचा मुलगा आणि कारकुनाचा मुलगा एकाच रांगेत तेवढाच वेळ उभे राहत. १९९९ साली 'फास्टपास' आला. ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळी थोडक्या रांगेतून जायचे. तोही फुकट होता. २०२१ साली अमेरिकेत त्याची जागा सशुल्क व्यवस्थेने घेतली. तिरुपतीला सर्वदर्शनाची आणि तीनशे रुपयांची अशा दोन रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याहून जास्त समजावण्याची गरज नाही.

पैसे भरायचे की नाहीत हे ज्याने त्याने ठरवावे. पण ते घरी ठरवावे, कारण रडणारे मूल कडेवर असताना घेतलेला निर्णय महागच पडतो. न भरणाऱ्यासाठी जुने उपाय अजून चालतात. १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी डिस्नेने 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ही बोटीची राइड केली. एकामागून एक बोटी सुटत राहिल्याने तासाला हजारो माणसे पार होतात. अशा राइडची रांग लांब दिसली तरी सरकत असते. उलट गोल फिरणाऱ्या हत्तींवर जागा मोजक्या, म्हणून तिथे आखूड रांगही अडून बसते. ते सकाळी पहिल्यांदा उरकावे.

निघण्यापूर्वी

सीमाभागातल्या घरांची एक खास अडचण असते. एका भावाची मुले कर्नाटकात, त्यांना दसऱ्याची सुट्टी. दुसऱ्याची कोल्हापूरला, त्यांना दिवाळीची. दसऱ्याला हाँगकाँग किंवा शांघायला जायचे तर १ ऑक्टोबरपासूनचा चीनच्या राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा टाळावा. जपानला एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा टाळावा. दोन्हीकडच्या मुलांना मिळून जाता येईल असा महिना मे, आणि अमेरिकेसाठी तो उत्तम, कारण तिथल्या शाळांची मोठी सुट्टी त्यानंतर लागते. जून ते ऑगस्ट फ्लोरिडात दुपारी गडगडाटी पाऊस येतो आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात.

मुलांची उंची बुटांशिवाय मोजून ठेवावी. फ्लोरिडाच्या 'स्पेस माउंटन'ला ४४ इंच लागतात. अर्धा इंच कमी असले तरी सूट नाही, आणि ते मुलाच्या भल्याचेच आहे. धाकटे मूल बसू शकत नसेल तर आईवडिलांनी आळीपाळीने, पुन्हा रांग न लावता बसण्याची सोय असते. दाराशी विचारले की सांगतात. अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, दहा पूर्ण झाली की मोठ्यांचा दर. तिकिटे तारखेनिशी आधीच काढावीत.

शेवटची गोष्ट म्हणजे, सगळे पाहून होत नाही. ज्यांनी ही उद्याने बांधली त्यांनी ती एका दिवसात संपू नयेत अशीच बांधली आहेत. घरातल्या प्रत्येकाने, आजीसुद्धा धरून, एकेक गोष्ट निवडावी आणि तेवढ्या पक्क्या कराव्यात. दुपारी तासभर सावलीत बसावे. दिवे लागले की राजवाड्यासमोरच्या चौकात यावे. तिथली रोषणाई सगळ्यांना सारखीच दिसते.