पेट्रोल मोटारीचे सीएनजी रूपांतर

पेट्रोल मोटारीचे सीएनजी रूपांतर म्हणजे पेट्रोलवर चालण्यासाठी बनवलेल्या मोटारीत अतिरिक्त संच बसवून ती संपीडित नैसर्गिक वायूवर, म्हणजेच सीएनजीवर, चालेल अशी व्यवस्था करणे. या संचाला व्यवहारात ‘सीएनजी किट’ म्हणतात. रूपांतरानंतर पेट्रोलची टाकी व मूळ इंधनव्यवस्था कायम राहते; त्यामुळे अशी मोटार दोन्ही इंधनांवर चालू शकते. भारतात हे काम केवळ यांत्रिक मानले जात नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार तो वाहनातील बदल ठरतो. मान्यताप्राप्त संच, मुदतीत तपासलेली टाकी आणि नोंदणी प्रमाणपत्रावरील नोंद या तीन गोष्टींवर रूपांतराची सुरक्षितता व वैधता अवलंबून असते.

इंधनाचे गुणधर्म

नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. मिथेनच्या रेणूत एका कार्बन अणूमागे चार हायड्रोजन अणू असल्याने तेवढ्याच ऊर्जेसाठी पेट्रोलच्या तुलनेत सुमारे २० ते २५ टक्के कमी कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. ज्वलनानंतर काजळी व सूक्ष्म कणही अत्यल्प राहतात. मात्र नायट्रोजनची ऑक्साइडे पूर्णपणे टळत नाहीत. शिवाय न जळलेला मिथेन हा स्वतःच प्रभावी हरितगृह वायू असल्याने गळती असलेली किंवा नीट न जुळवलेली यंत्रणा पर्यावरणीय लाभ कमी करते.

मिथेन हवेपेक्षा हलका असतो. मोकळ्या जागी गळती झाल्यास तो वर जाऊन विरून जातो. याउलट स्वयंपाकाचा गॅस, म्हणजे एलपीजी, हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. मिथेनचे स्वयंप्रज्वलन तापमान सुमारे ५४० अंश सेल्सिअस असून ते पेट्रोलपेक्षा बरेच अधिक आहे.

संचाची रचना व कार्य

वायू जाड पोलादी टाकीत सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जवळजवळ २०० पट, दाबाने साठवला जातो. लहान मोटारींत ही टाकी बहुधा डिकीत बसवतात. ६० लिटर जलधारणक्षमतेच्या टाकीत पूर्ण दाबाला सुमारे ९ ते १० किलो वायू मावतो. टाकीतून निघालेला वायू उच्चदाब नळीतून दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरकडे येतो. दाब एकाएकी उतरताना वायू अतिशय थंड होतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून त्याला इंजिनातील गरम पाण्याची जोडणी दिलेली असते. म्हणूनच बहुतेक संचांत मोटार आधी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापल्यावर वायूवर जाते.

संचांचे दोन मुख्य प्रकार आहेत. जुन्या, कार्बोरेटरच्या काळातील प्रकारात मिक्सरमधून वायू हवेत मिसळला जातो. नव्या क्रमवार अंतःक्षेपण प्रकारात प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंजेक्टर असून संगणकीय नियंत्रक वायूचे प्रमाण ठरवतो. नव्या मोटारींना दुसराच प्रकार योग्य असतो. टाकीच्या झडपेभोवती वायुरोधक आवरण असते. तेथे गळती झाल्यास वायू प्रवासीकक्षात न येता नळीवाटे बाहेर जातो.

महाराष्ट्रातील इतिहास

मोटारीचे इंधन बदलण्याची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आल्यावर भारतातील अनेक बसगाड्यांना लोणारी कोळशापासून वायू तयार करणारी भट्टी जोडण्यात आली होती. ती निकड टंचाईची होती. सीएनजीची निकड प्रदूषणातून निर्माण झाली.

१९७४ मध्ये ‘बॉम्बे हाय’ येथे तेल व वायूचा साठा सापडल्यानंतर उरणमार्गे नैसर्गिक वायू मुंबई परिसरात उपलब्ध झाला. १९९५ मध्ये महानगर गॅस लिमिटेडची स्थापना झाली. वाहनांच्या धुराविरुद्ध स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९९ मध्ये व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढील काळात न्यायालयाच्या आदेशांमुळे शहरातील जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडे वळावे लागले आणि काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी हे नेहमीचे दृश्य बनले. ही टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार वाहनातील बदलाची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर करून घ्यावी लागते. सीएनजी वाहनांच्या उत्सर्जनाविषयीच्या तरतुदी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ११५-ब मध्ये आहेत. संचाला अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता आवश्यक असते; अशा संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही पुण्यात आहे. उच्चदाबाच्या टाक्यांचे नियमन पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते. तिचे मुख्यालय नागपुरात आहे.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या मोटारींना बाहेरून संच बसवण्याची मुभा प्रारंभी नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ३.५ टनांपेक्षा कमी वजनाच्या अशा पेट्रोल वाहनांना ती दिली. संच त्या इंजिनक्षमतेसाठी व उत्सर्जन मानकासाठी मान्य आहे किंवा नाही, हे बसवण्यापूर्वीच पाहावे लागते. बदलाची माहिती विमा कंपनीलाही देणे आवश्यक असते; न दिल्यास अपघातानंतर दाव्यावर आक्षेप येऊ शकतो.

बजाजनगर व वाळूज परिसर

बजाजनगर ही छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, वाळूज औद्योगिक क्षेत्रातील दाट कामगार वसाहत आहे. बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्यात १९८५ मध्ये उत्पादन सुरू झाले. रिक्षांच्या रूपाने वायूवर चालणारी वाहने या परिसराच्या परिचयाची आहेत. याच कंपनीने ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात ‘फ्रीडम १२५’ ही जगातील पहिली सीएनजी मोटरसायकल म्हणून सादर केली. तिच्यात २ किलो वायूची टाकी आहे. अशा वाहनांत टाकीची जागा व इंजिनाची जुळणी मूळ आराखड्यातच ठरलेली असते. बाहेरून बसवलेल्या संचात तीच जुळणी मेकॅनिकच्या कौशल्यावर अवलंबून राहते, हा दोहोंतील महत्त्वाचा फरक होय.

तत्कालीन औरंगाबाद व अहमदनगर जिल्ह्यांतील वायुवितरणाचा परवाना २०१८ च्या नवव्या निविदा फेरीत भारत पेट्रोलियमला मिळाला. वाहिनी न पोहोचलेल्या पंपांना वायू ट्रकवरील टाक्यांतून पुरवला जातो. तेथे पुरवठा खंडित झाल्यास रांगा लागतात आणि दाब उतरल्याने टाकी पूर्ण भरत नाही. त्यामुळे रूपांतराचा निर्णय घेताना नेहमीच्या मार्गावरील पंप हा संचाच्या किमतीइतकाच महत्त्वाचा मुद्दा ठरतो.

खर्च व बचत

महाराष्ट्र शासनाने १ एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरील मूल्यवर्धित कर १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. बचतीचे गणित वापरावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, पेट्रोल १०५ रुपये लिटर व सीएनजी ९० रुपये किलो असून मोटार अनुक्रमे १५ व २० किलोमीटर धावते असे मानल्यास किलोमीटरला ७ रुपयांऐवजी साडेचार रुपये खर्च येतो. संचाला ६०,००० रुपये लागले तर ते २४,००० किलोमीटरनंतर भरून निघतात. महिन्याला २,००० किलोमीटर चालणाऱ्या मोटारीला त्यासाठी एक वर्ष लागेल. महिन्याला ४०० किलोमीटर चालणाऱ्या मोटारीला पाच वर्षे लागतील.

सुरक्षितता

सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी करणे बंधनकारक आहे. मुदत संपलेल्या टाकीत वायू भरू नये, असा नियम आहे. वायू भरताना इंजिन बंद ठेवून सर्व प्रवाशांनी खाली उतरावे.

घरगुती एलपीजी सिलिंडरमधून मोटारीत गॅस भरणे पूर्णपणे बेकायदा आहे. एलपीजी वाहन-इंधन म्हणून वापरण्यास स्वतंत्र मान्यताप्राप्त संच, विशिष्ट टाकी आणि अधिकृत पंप आवश्यक असतात. तरीही स्वस्ताईसाठी मोटर-पंप लावून गॅस भरण्याचे प्रकार घडतात. जळगाव शहरात नोव्हेंबर २०२४ मध्ये ओम्नी मोटारीत अशाच प्रकारे गॅस भरताना स्फोट होऊन जीवितहानी झाली. लहान व्हॅन शाळकरी मुलांच्या वाहतुकीसाठीही वापरल्या जातात. म्हणून पालकांनी वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावरील इंधनाचा प्रकार पाहून घेणे उपयुक्त ठरते.

मर्यादा

वायू हवेची जागा व्यापत असल्याने इंजिनाची शक्ती साधारण १० टक्क्यांनी घटते. घाटात व ओव्हरटेक करताना ते जाणवते. टाकीमुळे डिकीतील जागा जाते व मागील स्प्रिंगांवरील भार वाढतो. वायू कोरडा असल्याने इंजिनातील झडपांची झीज वाढू शकते. पेट्रोलची यंत्रणा कार्यक्षम राहावी म्हणून मोटार अधूनमधून पेट्रोलवर चालवावी लागते. नैसर्गिक वायूही खनिज इंधनच असल्याने हे रूपांतर प्रदूषण कमी करणारे आहे, ते पूर्णपणे टाळणारे नाही.